दादा, त्या रात्रीसाठी मनापासून थँक्यू

दादा, फोनवर थँक्यू म्हणालो होतो पण तेवढ्याने मन भरलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

मार्च एंडिंगचा आठवडा, पतसंस्थेच्या सात शाखांचं मेल आमच्या एकाच पोस्टफिक्स (मेल पोचवणारा प्रोग्राम) सर्व्हरवर, आणि मी त्याच दिवशी अमाविस हा मेल तपासणारा फिल्टर बसवून त्याच्या मागे व्हायरस शोधणारा क्लॅमएव्ही आणि स्पॅम ओळखणारा स्पॅमअसॅसिन जोडले. संध्याकाळपासून शाखांचे फोन चालू, मेल जात नाही, 'टू मेनी हॉप्स' (म्हणजे फार टप्पे फिरलं) असं लिहून परत येतंय. घाबरून मी फिल्टरच काढून टाकणार होतो. तुम्ही फोनवर म्हणालात थांब, आधी अमाविस बंद कर, १००२४ वर, म्हणजे अमाविसच्या पोर्टवर (दारावर), कोणी उचललं नाही की पोस्टफिक्स मेल परत पाठवत नाही, क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, ठेवतो, ५ दिवस ठेवतो, तोवर आपण नीट बघू. त्या एका वाक्याने माझे हात थरथरायचे थांबले दादा, खरंच सांगतो.

मग तुम्ही मला कागद घ्यायला लावला. बाहेरून मेल २५ वर येतं, तिथून १००२४ वर अमाविसकडे जातं, तपासून झालं की १००२५ वर परत पोस्टफिक्सकडे येतं. बाण काढता काढता मलाच दिसलं की १००२५ वर आलेलं मेल पुन्हा १००२४ कडेच चाललंय! कारण मेल फिल्टरकडे पाठवणारी कंटेंट फिल्टरची ओळ मेन सीएफ या पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये आहे, ती सगळ्यांनाच लागू होते, आणि परतीच्या दारावर ती रिकामी करायची असते. मास्टर सीएफमध्ये, म्हणजे प्रत्येक दाराची वेगळी सेटिंग असते त्या फाइलमध्ये, ते करायचंच मी विसरलो होतो, आणि तिथे बरोबरच्या चिन्हाच्या बाजूंना स्पेस चालत नाही. मेल गोल गोल फिरत होतं आणि ५० हॉप्सची मर्यादा ओलांडली की परत. उत्तर तुम्हाला बहुतेक आधीच माहीत होतं, तरी तुम्ही मला शोधू दिलंत.

क्यू सोडली तर पुढचं निघालं, मॅनेजरसाहेबांच्या मेलची कॉपी ज्या क्लार्कला जाते त्याला प्रत्येक मेल दोनदा. एलियस, म्हणजे एका पत्त्यावरचं मेल दुसऱ्यालाही पाठवायची नोंद, फिल्टरच्या आधीही उलगडत होतं आणि नंतरही. एलियस उलगडू नको असं सांगणारं नो ॲड्रेस मॅपिंग्ज एकाच बाजूला टाक, दोन्हीकडे टाकलंस तर एलियस चालणारच नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. आणि १००२५ फक्त १२७.०.०.१ (सर्व्हरचा स्वतःचा आतला पत्ता) वरच ऐकायला हवं, नाहीतर बाहेरचा कोणीही फिल्टर चुकवून आत घुसेल, हे तर माझ्या डोक्यातही नव्हतं, म्हणजे मेल चालू झालं असतं आणि दार उघडंच राहिलं असतं.

पावणेदोनला आयकारची ती ६८ अक्षरांची टेस्ट फाइल (अँटीव्हायरस चालतो का बघायची निरुपद्रवी फाइल) पाठवली, ती अडकली. साधं मेल पाठवलं, ते पोचलं, आणि एकच पोचलं. सकाळी शाखा उघडल्या तेव्हा रात्रीत काय झालं ते कोणाला कळलंसुद्धा नाही.

तुम्ही एक रुपया घेतला नाही, रात्री दोनपर्यंत जागलात, एकदाही आवाज चढवला नाही. तो बाणांचा कागद मी सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. थंडीत बार्शीला या दादा, वहिनींना आणि पोरांना घेऊन, आमच्या रानात हुरडा असतो, आईने आत्तापासून विचारायला सुरुवात केलीय की ते फोनवाले दादा कधी येणार.