चिठ्ठीवर बाळाचे वजन का नसते?

मा. संपादक,

थंडी पडली की सांगली-मिरजेतल्या बालरोग दवाखान्यांत उभे राहायला जागा नसते. जत, आटपाडीकडून, पलीकडे कर्नाटकातूनही लोक लेकरे घेऊन येतात. औषधाच्या दुकानात आयुष्य काढल्यामुळे तिथून बाहेर पडणाऱ्या चिठ्ठ्या माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. दुखणे साध्या सर्दीचे, पण औषधे चार: एक अँटिबायोटिक, एक खोकल्याचे, एक तापाचे आणि वर भुकेचे टॉनिक. नाव असते, वय बहुधा असते. वजन क्वचितच.

लहान मुलांचा डोस तर वजनावरच ठरतो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ८ किलोच्या बाळाला ८० ते १२० मिलिग्रॅम. चिठ्ठीवर नुसते 'एक चमचा' असेल, तर ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमच्या बाटलीतून ते बरोबर बसते, २५० च्या बाटलीतून दुपटीच्या वर जाते. ड्रॉप्स हाती पडले तर विचारूच नका, त्यात १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. शिवाय घरातला चमचा ५ मिलिलिटरचा असेलच असे नाही.

अँटिबायोटिकचे प्रकरण याहून गंभीर. सर्दी विषाणूंमुळे होते, लहान मुलांचे बहुतेक जुलाबही. त्यावर सेफिक्झिम किंवा अझिथ्रोमायसिन काय करणार? जुलाबाला ओआरएस आणि झिंक, हे आपल्या आशाताईंना पाठ आहे. न्यूमोनियाची शंका असेल तर श्वास मोजायचा: दोन महिने ते एक वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे धाप. पण त्यासाठी पूर्ण मिनिटभर बाळाच्या पोटाकडे बघत बसावे लागते, आणि बाहेर रांग लागलेली असते.

खोकल्याच्या औषधांबद्दल तर मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावल्यानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, केंद्रानेच बजावले: दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नयेत, पाच वर्षांखाली सहसा नकोतच.

पालकही काही कमी नाहीत. 'डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या' हे मी काउंटरपलीकडून कैकदा ऐकले आहे. ऊसतोडीची मजुरी बुडवून आलेल्या आईला 'तीन-चार दिवस वाट बघा' म्हणणे सोपे नाही, हेही मान्य.

तरी एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते. वजनकाटा दवाखान्यात असतोच. चिठ्ठीवर बाळाचे वजन, औषधाची ताकद आणि डोस चमच्यांऐवजी मिलिलिटरमध्ये, असे तीन रकाने डॉक्टरांनी छापून घ्यावेत. रकाना रिकामा दिसला तर दुकानदाराने फोन करून विचारावे, आणि डॉक्टरांनी त्याचा राग मानू नये.

– एक निवृत्त औषधनिर्माता, विश्रामबाग, सांगली