आकाशदर्शनात अर्धा तास अंधार पाळा

महोदय,

हिवाळा लागला की साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे आकाशदर्शनाला जाणाऱ्यांची वर्दळ वाढते. गाडीतून उतरायचे, मोबाईलची बॅटरी लावून थेट दुर्बिणीच्या रांगेत उभे राहायचे आणि मग ‘काहीच दिसत नाही’ म्हणायचे! दुर्बीण बहुधा ठीक असते. डोळ्यालाच वेळ दिलेला नसतो.

अंधुक उजेड टिपतात त्या दृष्टिपटलातल्या दंडाकार पेशी. एका डोळ्यात त्या सुमारे १२ कोटी असतात. प्रकाशाचा एकच कण या पेशींतल्या रोडॉप्सिन या प्रकाशसंवेदी रंगद्रव्याच्या रेणूत शोषला गेला, तरी त्यातले वाकडे रेटिनल (प्रकाश शोषणारा घटक) सरळ होते, रासायनिक साखळी सुरू होते, पेशीत शिरणारा सोडियमचा प्रवाह घटतो आणि संदेश पुढे जातो. हेक्ट, श्लेअर व पिरेन या शास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये दाखवले, की पेशींनी ५ ते १४ कण शोषले तरी माणसाला चमक जाणवते. मात्र त्यासाठी डोळे आधी अंधाराला पुरते सरावलेले हवेत.

प्रखर उजेडात रोडॉप्सिन विटते. सरळ झालेले रेटिनल शेजारच्या थरात जाऊन, पूर्ववत होऊन परत यावे लागते. हे काम सावकाशच चालते. पहिल्या आठ-दहा मिनिटांत ‘आता दिसतंय’ असे वाटते, ती रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशींची करामत. दंडाकार पेशींना ३० ते ४० मिनिटे लागतात, आणि मध्येच कुणी फोन उघडला की पुन्हा वाट पाहणे आले.

गडद लाल उजेड या पेशींना फारसा कळत नाही, म्हणून मंद लाल एलईडी वापरावा. पांढऱ्या बॅटरीवर लाल जिलेटीन कागदाचा एक पदर पुरत नाही, त्यातून हिरवा-निळा उजेड गळतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला चंद्र नसेल तर रात्री आठच्या सुमारास देवयानी दीर्घिका उत्तरेला उंचावर नुसत्या डोळ्यांनी दिसते. रोखून पाहिले की ती हरवते, कारण नजरेच्या केंद्रात दंडाकार पेशी नसतातच. नजर जराशी बाजूला ठेवावी. ती राखाडी दिसेल; फोटोतले रंग या पेशींना दिसत नाहीत, हे आयोजकांनी आधीच सांगितलेले बरे.

गाड्यांमधले दार उघडताच लागणारे दिवेही आधीच बंद करून ठेवावेत. एवढे करूनही एखादी गाडी समोर आलीच, तर दुर्बिणीला लावायचा डोळा तळहाताने झाकावा. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे सरावतो, त्यामुळे तो तरी शाबूत राहतो.

– काही आकाशनिरीक्षक, सातारा