अर्ज : दोन नंबरच्या कॉम्प्युटरबाबत

प्रति,
भाऊ,
फाट्यावरचं सेवा केंद्र व झेरॉक्स,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ.

विषय : आभार मानण्याबाबत.

महोदय,

'महोदय' वाचून तुम्ही हसणार, हे ठाऊक आहे. पण तुमच्या दुकानात बसून मी तलाठ्याला, तहसीलदारांना, वीज कंपनीला, बँकेच्या मॅनेजरला किती अर्ज टाइप केले याचा हिशेब नाही, आणि त्यातला एकही आभाराचा नव्हता. सगळे 'उपरोक्त विषयान्वये'पासून सुरू होऊन 'ही नम्र विनंती'वर संपणारे. तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही 'बाहेरच्यावाणी काऊन बोलून राह्यली वं' म्हणता आणि विषय झेरॉक्सच्या टोनरवर नेता. म्हणून हा अर्ज, आणि तोही चारचौघांसमोर.

२०२१ साली आमची बारावीची परीक्षा झालीच नाही. निकाल मात्र लागला, मार्कही बरे पडले. बाबा म्हणाले, न पेरता उगवतं ते तण. त्या मार्कांचं काय करावं कोणालाच कळेना, म्हणून आयटीआयचा फॉर्म भरायला मी बाबांसोबत फाट्यावर आले. बाबांच्या डोक्यात शिवणकाम पक्कं होतं. तुम्ही विकल्पांच्या पानावर येऊन माऊस सोडला, मॉनिटर धरून माझ्याकडे वळवला आणि म्हणालात, "वाच. पुरतं वाच, मंग सांग."

नंतर कळलं की मॉनिटर वळवणं ही तुमची सवयच आहे. समोर कोणीही असो, अंगठा उठवणारी म्हातारी असली तरी, तुम्ही स्क्रीन तिच्याकडे फिरवून काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवता. दुसऱ्या केंद्रांवर असं कोणी करत नाही. वेळ जातो ना.

त्या यादीत इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर यांच्या खाली एक लांबलचक नाव होतं, कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट. सगळे ज्याला कोपा म्हणतात तो ट्रेड. मी विचारलं, हे काय असतं? तुमचं उत्तर माझ्या अजून लक्षात आहे : "मले बी पुरतं माहीत नाही. एका वर्षाचं हाय, दहावीवर होते, आन् बसायले खुर्ची हाय." खुर्चीवर बाबा राजी झाले.

हे वाचणाऱ्या मुला-मुलींसाठी मध्येच सांगते. कोपा केलं की वेबसाइट बनवता येते, असं कोणी सांगत असेल तर अर्धंच खरं माना. वर्षभरात विंडोज, लिनक्सची तोंडओळख, वर्ड-एक्सेल, नेटवर्किंग, टॅली असं बरंच काही असतं. एचटीएमएल (वेबपान मांडायची भाषा) आणि जावास्क्रिप्ट (त्या पानाला कामाला लावणारी भाषा) त्यातच येतात, पण पाहुण्यासारखे. परीक्षा पास झालं की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं आणि ते कामाचं आहे. पण पान उभं करणं, ते फोनवर नीट बसवणं, बटण दाबल्यावर काय व्हावं ते लिहिणं, ज्याला फ्रंट-एंड म्हणतात, त्याचं फक्त दार तिथं उघडतं. आमच्या निदेशक मॅडमनी पहिल्याच आठवड्यात हे स्पष्ट सांगितलं होतं. त्यांचेही आभार, पण त्यांना वेगळा अर्ज लिहीन.

दार उघडलं आणि एसटी बंद पडली. संप ऑक्टोबरच्या शेवटी सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत धड मिटला नाही. काळीपिवळीला रोज जायचं म्हणजे कापूस वेचणीच्या मजुरीतून माझं भाडं काढायचं. प्रॅक्टिकल बुडायला लागली. घरी एकच फोन, तोही दादाच्या खिशात. मी सायकल काढून तीन किलोमीटरवर फाट्यावर आले आणि तुम्हाला विचारलं, की तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर कधी रिकामा असतो?

तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी या म्हणालात. मला वाटलं, टाळलं. दुसऱ्या दिवशी आले तर दोन नंबरच्या कॉम्प्युटरशेजारी आणखी एक खुर्ची होती आणि त्या खुर्चीवर वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या.

तेव्हा मला एवढंच वाटलं, की वहिनींना घरात करमत नसेल. पुढचे चार महिने, संध्याकाळी पाच ते सात, मी बसले की वहिनी यायच्याच. कधी मेथी, कधी तुरीच्या शेंगा, कधी नुसती जपमाळ. फाट्यावर पानठेला आहे, टपरी आहे, बसून राहणारे लोक आहेत. एकोणीस वर्षांची पोरगी रोज दोन तास एका दुकानात बसते म्हटल्यावर काय काय बोललं गेलं असतं, ते तुम्ही दोघांनी मला कधी ऐकू येऊ दिलं नाही. भाऊ, कॉम्प्युटर तर कोणीही दिला असता. मी आज काम करते ते त्या दुसऱ्या खुर्चीमुळे.

भाडं तुम्ही घेतलं नाहीत. त्याऐवजी गर्दी झाली की माझ्याकडून अर्ज टाइप करून घ्यायचात. मला वाटायचं, फुकटात राबवतात. खरं शिक्षण तेच होतं, पण त्याकडे येते.

आधी कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टची गोष्ट. तुमच्याकडे वर्षानुवर्षांचे अर्जाचे नमुने साठवलेले होते. मी माझ्या पहिल्या पानासाठी त्यातला मजकूर उचलून चिकटवला आणि ब्राउझरमध्ये मराठीच दिसेना. 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरं. दोन दिवस मी माझ्या टॅगमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या खुणांमध्ये, चूक शोधत होते. मग कळलं, की कृतिदेवमध्ये आतून मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा अंगरखा घालतो. जिथं तो फॉन्ट नाही तिथं अंगरखा गळून पडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठंही मराठीच राहतं. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणजे इतके वर्ष म्या इंग्रजीत अर्ज लिहिले, आन् बायको म्हणते तुले इंग्रजी येत नाही." वहिनींनी मेथीची जुडी तुमच्याकडे भिरकावली होती.

दुसरी फजिती मुंग्यांची. कॉम्प्युटरवर छान दिसणारं पान मी तुमच्या फोनवर उघडलं. तुम्ही चष्मा वर-खाली करून म्हणालात, "हे काय, मुंग्यायची रांग व्हय?" पान फोनच्या रुंदीला बसवायला सांगणारी एक ओळ, व्ह्यूपोर्टची, वर लिहायची राहिली होती. ती नसली की फोन समजतो की पान मोठ्या कॉम्प्युटरसाठी आहे आणि सगळं पान आखडून दाखवतो. एक ओळ, पण ती कोणत्या कारणासाठी आहे हे मला तुमच्या चष्म्यामुळे कळलं.

आणि उन्हाची परीक्षा! मी फिकट राखाडी अक्षरं ठेवली होती, मला ती फार शहरी वाटायची. तुम्ही फोन घेऊन दुकानाबाहेर लिंबाच्या सावलीपलीकडे गेलात, मे महिन्याच्या दुपारी, आणि तिथूनच ओरडलात, "कोरं हाय!" वेबच्या नियमांत साध्या अक्षरांसाठी मजकूर आणि मागचा रंग यांच्यात उजळपणाचा किमान ४.५ ला १ इतका फरक असावा असं लिहिलेलं आहे. तो आकडा मी नंतर वाचला. आमच्या ऑफिसात तो मोजायला साधन आहे, तरी मी अजून फोन घेऊन उन्हात जाते. लोक बघतात.

त्याच उन्हाळ्यात कोपा संपलं आणि शहरातल्या एका क्लासचा फोन आला. सहा महिने, साठ हजार, शंभर टक्के नोकरी. बाबा तूर विकायला निघाले होते. तुम्ही बाबांना काही बोलला नाहीत, क्लासवाल्यांना फोन लावलात आणि विचारलंत, की मागच्या वर्षी नोकरी लागलेल्या तीन पोरांचे नंबर द्या. ते 'पाठवतो' म्हणाले. अजून पाठवताहेत. तूर घरात राहिली. मी एमडीएन या वेबसाइटवर वाचायला लागले आणि फ्रीकोडकॅम्प या वेबसाइटवर कोडचा सराव करायला लागले, दोन्ही फुकट. इंग्रजी जड जायचं. एक पान समजायला एक संध्याकाळ लागायची आणि फ्लेक्सबॉक्सनं, म्हणजे पानावरच्या वस्तू ओळीत मांडायच्या पद्धतीनं, तर दोन महिने रडवलं.

तुम्हाला एकदा सांगितलं होतं, की वेब ज्यांनी काढलं ते टिम बर्नर्स-ली सर्न नावाच्या संस्थेत होते, आणि १९९३ साली सर्ननं ते सगळ्या जगाला फुकट वापरायला मोकळं केलं. तुम्ही झेरॉक्स काढता काढता थांबलात. "फुकट देल्लं? मंग त्याईचं दुकान चालते कसं?" माझ्याकडून तुम्ही एक रुपया घेतला नव्हता, हे तेव्हा तुमच्या लक्षात आलं नाही.

आता जुलै २०२३. एक रुपयात पीकविमा सुरू झाला त्या पहिल्या खरिपाची गर्दी. दुकानासमोर चपलांची रांग, आत घामाचा वास, सर्व्हर कधी चालू कधी बंद. केंद्राला अर्जामागे ४० रुपये कंपनीकडून मिळणार म्हणून शेतकऱ्याकडून एकच रुपया घ्यायचा, हे तुम्ही पाटीवर लिहून ठेवलं होतं. मी दोन नंबरवर, तुम्ही एक नंबरवर. त्या दिवसांत मी काउंटरच्या या बाजूला बसून फॉर्म नावाची वस्तू काय असते ते पाहिलं. सगळं भरून झाल्यावर पान लटकतं आणि सातबाऱ्यापासून पुन्हा सुरुवात. चूक झाली तर लाल इंग्रजी ओळ, ती कशाबद्दल आहे ते कळत नाही. नाव आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं. आणि राबून रेषा झिजलेली बोटं, जी मशीन ओळखतच नाही. एक आजोबा तिसऱ्यांदा बोट पुसून म्हणाले, "माह्या बोटाले मीच राह्यलो नाही का?" मला हसू येईना.

एक तरुण पोरगा स्वतःच्या फोनवर माझ्या सरावाच्या फॉर्ममध्ये नंबर टाकत होता. फॉर्म म्हणे, नंबर चुकीचा. दहा आकडे बरोबर होते. त्याचा कीबोर्ड मराठी होता, त्यानं आकडे मराठीत लिहिले होते. जावास्क्रिप्टला ० ते ९ हे आपले आकडे आकडेच वाटत नाहीत, तिला फक्त इंग्रजी कळतात. माणूस बरोबर आणि त्यालाच मशीन चूक म्हणते. त्या रात्री मी चार ओळी लिहिल्या. प्रत्येक मराठी आकड्याच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा केले की हाती खरा आकडा येतो, कारण आपल्या शून्याचा क्रमांक २४०६ आहे. मी स्वतः डोकं चालवून लिहिलेला तो पहिला कोड, आणि मागच्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीत मी तोच दाखवला. समोरच्या साहेबांनी रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्या साधनाबद्दल चार प्रश्न तयार ठेवले होते. ते त्यांनी विचारले, मला दोनच आले. मग त्यांनी या आकड्यांबद्दल अर्धा तास विचारलं.

वहिनींच्या बचत गटाचं पान राहिलंच. सरगुंडे, कुरडया, मुगाच्या वड्या. प्रत्येक फोटो चार-चार एमबीचा, गावात पान उघडायच्या आत गिऱ्हाईक पळायचं. फोटो बारीक करून शंभर केबीच्या आत आणले, नंबरवर बोट ठेवलं की थेट फोन लागेल असं केलं. पहिला फोन पुसदहून आला आणि वहिनींनी घाबरून उचललाच नाही, हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

आता नागपूरच्या एका छोट्या ऑफिसात मी फॉर्मच बनवते. पगार फार नाही, खुर्ची आहे. मी अजून दोन नंबरवर बसल्यासारखीच बसते. स्क्रीन तिरपी करून शेजारच्याला विचारते, वाच, पुरतं वाच, काय कळलं? मुलं चिडतात.

मागच्या रविवारी तुम्ही माझ्या नव्या फॉर्मचा फोटो पाठवलात. स्क्रीनचा फोटो, दुसऱ्या फोनने काढलेला, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. खाली लिहिलं होतं, "बाई, कीबोर्ड उघडला का तुह्यं बटन त्याच्या खाली दबते. म्हातारी कुठून दाबन?" आमच्या चार जणांच्या टीमला हे दिसलं नव्हतं. बटण आता वर घेतलंय. म्हातारीला दाखवून सांगा, आणि पुढच्या वेळी स्क्रीनशॉट पाठवा. कसा काढायचा ते वहिनींना शिकवलेलं आहे.

आपली विश्वासू,
दोन नंबरवाली