जे आधीच समुद्रात गेलेत त्यांना कोण सांगणार?

संपादक साहेब, नमस्कार.

वादळाची बातमी आली की तुमच्या आणि सगळ्याच पेपरांत एक वाक्य ठरलेलं असतं, 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये'. बंदरावर तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा लागतो, मत्स्य खात्याचा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो, झालं. आम्ही देवगडकर हे लहानपणापासून वाचत आलोय आणि त्यात चूक काही नाही, पण जी बोट आठ दिवसांपूर्वीच बर्फ आणि डिझेल भरून गेलीय, जिच्यावर मोबाईलला रेंज नाही आणि वायरलेसवर आजूबाजूच्या दोन-चार बोटींपलीकडे कोणी ऐकू येत नाही, तिच्यावरच्या खलाशांना हे कोण सांगणार?

२०१७ चं ओखी वादळ आठवा. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेजवळ नुसता कमी दाबाचा पट्टा होता, ३० तारखेला सकाळी त्याचं चक्रीवादळ झालं आणि १ डिसेंबरला ते अतितीव्र झालं. म्हणजे कन्याकुमारीजवळ वारा सुटला तेव्हा तिथले लोक आधीच बाहेर होते. केरळ सरकार म्हणालं चक्रीवादळाचा स्पष्ट इशारा आम्हाला ३० ला दुपारी मिळाला, हवामान खातं म्हणालं आम्ही मच्छीमारांसाठी सूचना त्याआधीच दिली होती. मला या भांडणात पडायचं नाही, कारण सूचना २९ ला दिली असती काय किंवा २८ ला, कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूतूर, वल्लविळै या गावांतले लोक शार्क आणि ट्यूनाच्या मागे लांब दोऱ्याचे गळ घेऊन कित्येक आठवडे खोल समुद्रात असतात, त्यांच्यापर्यंत ती पोचायला रस्ताच नव्हता. दोनशेहून जास्त माणसं गेली. बोट उलटल्यावर काहीजण तिच्या पाठीला, कोणी रिकाम्या कॅनला धरून दिवस-रात्र तरंगत राहिले आणि वाचले, बाकीच्यांचं शेवटपर्यंत काही कळलं नाही. केरळातल्या पुंतुरा आणि विळिंजमचे कोळी सरकारची वाट न बघता स्वतःच्या बोटी घेऊन शोधायला निघाले होते हेही विसरून चालणार नाही.

त्याच दिवसांत आमच्याकडे सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला ६८ बोटी आसऱ्याला आल्या, ६६ केरळच्या आणि २ तमिळनाडूच्या, त्यांत ९५२ माणसं, तेव्हा मुख्यमंत्री असलेल्या फडणवीसांनी स्वतः ट्वीट करून हा आकडा सांगितला होता. देवगड बंदरावर मी बघितलंय, अंगावर ओल्या लुंग्या, भाषा कळत नाही, आणि जेवणापेक्षा मोठी गर्दी कुठे तर मोबाईल चार्जिंगच्या बोर्डाजवळ, कारण घरी फोन लागेपर्यंत घरचे त्यांना मेलेलेच समजून बसलेले. एकजण मोडक्या हिंदीत सांगत होता की आम्ही वर उत्तरेला होतो म्हणून वेळ मिळाला, खाली असतो तर नसतो. म्हणजे कोण वाचणार हे कोण कुठल्या बाजूला होतं यावर ठरलं, इशाऱ्यावर नाही.

आणि हे काही केरळपुरतं नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये धडकलं तेव्हा रत्नागिरी-रायगडच्या बोटीही अशाच बाहेर होत्या, आणि ज्यांचे मृतदेह मिळाले नाहीत त्यांच्या घरच्यांना मृत्यूचा दाखला मिळवायला काय काय करावं लागतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. सात वर्षं माणूस बेपत्ता असला तरच कायदा त्याला मेलेला धरतो. वर हल्ली आपल्या बोटींवर खलाशी नेपाळचे, कर्नाटकचे, उत्तर प्रदेशचे, त्यातल्या कित्येकांचं पूर्ण नाव मालकालाही सांगता येत नाही. बोट बुडाली तर वरती कोण होतं हे तरी कसं सिद्ध करणार, म्हणून निघताना बंदरावर नावं लिहून घेणं हे कागदावर नको, रोजच्या रोज व्हायला पाहिजे.

आता यंत्राबद्दल. ओखीनंतर २०१९ मध्ये जेमिनी नावाचं यंत्र आलं, सॅटेलाईटवरून बोटीवर इशारा येतो, पण बोटीवरून उलटा मेसेज जात नाही. मग इस्रोचा ट्रान्सपॉन्डर आला, त्यात दोन्ही बाजूंनी मेसेज जातो, संकटात बटण दाबता येतं, मेसेज यंत्राला जोडलेल्या मोबाईलवर आपल्या भाषेत वाचता येतो. देशातल्या १ लाख बोटींवर हे फुकट बसवायची योजना आहे आणि तिचं उद्घाटन पंतप्रधानांनी ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्याच पालघरला केलं. खरंच चांगली गोष्ट आहे, मी मनापासून म्हणतोय. पण डबा बसवला म्हणजे तो चालू आहे असं नाही, खाऱ्या हवेत वायरी चार महिन्यांत गंजतात, आणि काही तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, तो मुद्दाम बंद ठेवतात कारण आपली मासळीची जागा दुसऱ्याला कळेल अशी भीती. ही भीती हसण्यासारखी नाही, ती जागा म्हणजे त्याचं पोट आहे, तेव्हा बोटीचं लोकेशन कोणाला दिसणार आणि कोणाला नाही हे खात्याने एकदा मच्छीमार सोसायटीत येऊन नीट समजावून सांगावं.

अजून एक. इशारा मिळूनही बोट परत येत नाही तेव्हा लोक सरळ तांडेलाला हावरट म्हणतात. अहो डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांची उचल हा सगळा खर्च करून माणूस गेलेला असतो, अर्ध्यातून मोकळ्या हाताने परत आला की तो कर्जात जातो. इशारा ऐकून परतलेल्या बोटीला त्या फेरीच्या डिझेलपुरती तरी भरपाई मिळाली तर मागे फिरायचा निर्णय तांडेल अर्धा दिवस आधी घेईल, आणि वादळात अर्धा दिवस म्हणजे फार झालं.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. वादळाच्या बातमीत 'जाऊ नये' च्या खाली एक ओळ आधीच बाहेर असलेल्यांसाठी पण टाका, जवळचं कुठलं बंदर आसऱ्याला उघडं आहे आणि तिथला कंट्रोल रूमचा नंबर काय, ती ओळ वाचून घरची माणसं सोसायटीत जाऊन वायरलेसवरून बोटी-बोटींतून पुढे कळवू शकतात. आणि १ जूनला मासेमारी बंदी सुरू झाली की ३१ जुलैपर्यंत बोटी किनाऱ्यालाच असतात, तेव्हा तुमच्या वार्ताहरांना हर्णे, मिरकरवाडा, देवगड, मालवणला पाठवा आणि किती बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसलाय, त्यातला चालू किती, हे बंदरवार छापा. १ ऑगस्टच्या आत छापा.

आपला,
एक वाचक, देवगड