छत्तीस नगांची पेटी नको, कामाच्या मापाची हत्यारे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात माउंटन बाइक चालवणाऱ्यांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. घाटातली निसरडी वळणे, चिखलात टायरमधली हवा किती ठेवावी, हे सगळे लेखकाने मन लावून लिहिले आहे. पण देखभालीचा विषय मात्र ‘घरी एक चांगला टूल किट घेऊन ठेवावा’ एवढ्या एका वाक्यात संपवला. असल्याच एका वाक्यावर विसंबून गेल्या वर्षी आमच्या घरात काय घडले, ते कळवावे म्हणून हे पत्र.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात २७ वर्षे टूल स्टोअर सांभाळले. कामगाराने खिडकीतून पितळी बिल्ला द्यायचा, मी तो खिळ्याला अडकवून त्याला हवे ते हत्यार द्यायचे आणि संध्याकाळी हत्यार आले की बिल्ला परत करायचा, असे ते काम. परत आलेले हत्यार नुसते मोजून घ्यायचे नसते, त्याचे टोक उजेडात धरून बघायचे असते, हे मला आमच्या फोरमननी पहिल्याच महिन्यात शिकवले. कोपरे झिजलेली ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाची चावी, मी कधी फळीवर ठेवली नाही. ती ग्राइंडरवर पाठवायची, झिजलेले टोक सपाट कापून घ्यायचे, म्हणजे मागचे ताजे कोपरे कामाला येतात. घरी हे ज्ञान कधी लागेल असे वाटले नव्हते.

माझा भाचा शिकायला आमच्याकडे राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने डिस्क ब्रेकची माउंटन बाइक घेतली. पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जायचे, येताना मिळेल त्या पायवाटेने उतरायचे, हा त्याचा सुट्टीचा क्रम. सायकलीबरोबर त्याने ऑनलाइन एक टूल किटही मागवला. काळी प्लॅस्टिकची पेटी, आत ३६ नग, प्रत्येकाला वेगळा खाचा. पेटी उघडली की डोळ्यांचे पारणे फिटावे असे ते दिसत होते.

गेल्या जुलैत पुढचा ब्रेक चकतीला घासून आवाज करू लागला. काम सोपे असते. कॅलिपरचे, म्हणजे चकतीला दोन्हीकडून चिमटणाऱ्या भागाचे, दोन बोल्ट सैल करायचे, ब्रेकचा लिव्हर दाबून धरायचा म्हणजे कॅलिपर आपोआप चकतीवर मधोमध बसतो, आणि लिव्हर दाबलेला असतानाच बोल्ट पुन्हा आवळायचे. त्या बोल्टला ५ मिलिमीटरची ॲलन की लागते. भाच्याने पेटीतली की लावली, जोर दिला आणि की आतल्या आत फिरली. पुन्हा लावली, पुन्हा फिरली. मी बाहेर येऊन बघते तो बोल्टच्या षटकोनी खाचेचा पार गोल झालेला.

मी माझा जुना व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घ्यायची पट्टी, काढला आणि त्या कीचे माप घेतले. ४.८६ भरले. धड ५ ची की ४.९५ ते ५.०० च्या दरम्यान असते. दशांश पुढचा फरक कुणाला क्षुल्लक वाटेल, पण एवढ्या फटीत की तिरकी होते आणि सहा सपाट बाजूंवर बसायच्या ऐवजी नुसत्या सहा कोपऱ्यांवर टेकते. त्यातून पोलाद मऊ असले की आधी की झिजते आणि जाताना बोल्टलाही घेऊन जाते. तो बोल्ट शेवटी मी काढला. टॉर्क्स म्हणजे सहा पाकळ्यांच्या टोकाची जी की असते, तिचा टी-३० आकार ५ च्या गोल झालेल्या खाचेत हातोडीने हलके ठोकला की घट्ट बसतो, मग बोल्ट सुटतो. टी-३० मला शेजारच्या गॅरेजमधून मागून आणावी लागली. ३६ नगांच्या पेटीत ती नव्हती. त्याच पेटीत निरनिराळ्या मापांचे अकरा सॉकेट मात्र होते. त्यांतला एकही त्या सायकलीवर कुठेही लागत नाही, हे मी एकेक लावून पाहिले.

तेव्हापासून घरातला नियम बदलला. काम समोर आले की त्या कामाचे हत्यार आणायचे, आणि आणायचे ते मापाचे आणायचे. वर्षभरात जे जमले ते असे.

पहिला खर्च ॲलन कींवर करावा, आणि हात आखडता न घेता करावा. २, २.५, ३, ४, ५, ६ आणि ८ एवढ्या मापांत जवळजवळ सगळी माउंटन बाइक उलगडते. जोडीला टी-२५ हवीच, कारण ब्रेकच्या चकतीचे सहा बोल्ट बहुधा तिनेच फिरतात. आमच्या स्टोअरमध्ये उन्ब्राकोच्या आणि टपारियाच्या की असत. टपारियाचा कारखाना तर आपल्या नाशकात, सातपूरला आहे. सायकलीच्या दुकानात मिळत नसल्या तरी हार्डवेअरच्या किंवा मशिनरीच्या चांगल्या दुकानात या सुट्या मिळतात, आणि झिजेल तेवढीच एक बदलता येते. गोळ्याच्या टोकाची की तिरकी घालता येते म्हणून सोयीची वाटते. तिने बोल्ट भराभर फिरवावा, पण शेवटचा आवळ मात्र सरळ टोकानेच द्यावा. गोळ्याचा स्पर्श फार थोड्या जागेवर असतो.

दुसरी गोष्ट फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरची. हिच्याबद्दल दुकानदारही बोलत नाहीत. गिअरची साखळी आत चाकाच्या तारांत किंवा बाहेर फ्रेमकडे पडू नये म्हणून मागच्या डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागावर, दोन बारीक स्क्रू असतात. शिमानोच्या पुष्कळ डिरेलरवर ते जपानी मापाचे असतात. आपल्याकडचा नेहमीचा फुलीचा ड्रायव्हर त्यांत पूर्ण तळाला जात नाही, जोर दिला की वर उसळतो आणि फुली खरवडून काढतो. स्क्रूच्या डोक्यावर फुलीशेजारी एक बारीक ठिपका दिसला तर तो जपानी मापाचा समजावा आणि त्याच मापाचा ड्रायव्हर आणावा. नव्या काही डिरेलरवर तिथे २ मिलिमीटरची ॲलन लागते, त्यांना ही अडचण नाही.

साखळी झिजली का हे पाहायला गेज विकत मिळतो. ज्यांच्याकडे पोलादी फूटपट्टी आहे त्यांनी तो घेतला नाही तरी चालेल. साखळीच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे २४ कड्यांना बरोबर १२ इंच. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरून २५ वी पीन कुठे येते ते पाहावे. ती १२ इंचांच्या पुढे एक षोडशांश इंच सरकली असेल तर साखळी अर्धा टक्का वाढली. मागच्या चाकावर गिअरच्या ११ किंवा १२ दातेरी चकत्या असतील तर साखळी तेव्हाच बदलावी. त्याहून कमी असतील तर पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येते. उशीर केला तर ती वाढलेली साखळी मागच्या चकत्यांचे दात खाऊन टाकते, आणि चकत्यांचा संच साखळीच्या कितीतरी पट महाग. आमच्याकडे कासच्या बाजूचा जांभ्याचा तांबडा चिखल साखळीत शिरला की तो पॉलिश पेपरसारखे काम करतो. म्हणून पावसाळ्यात मी दर पंधरवड्याला पट्टी लावते. साखळी उघडायला चेन कटर मात्र घ्यावाच लागतो, त्याला पर्याय नाही. हातोडी आणि खिळा ही जोडी जुन्या जाड साखळीला चालून जायची. आताच्या पातळ साखळीची कडी तिने वाकते.

आता ज्या हत्यारासाठी मला सगळ्यात जास्त आग्रह धरायचा आहे ते. टॉर्क रेंच. हँडल धरणाऱ्या स्टेमच्या बोल्टजवळ पुष्कळदा ५ न्यूटन-मीटर असा आवळण्याच्या जोराचा आकडा छापलेला असतो, आणि तेवढा जोर झाला की हा रेंच कळवतो. बोल्टपासून २० सेंटिमीटरवर हात धरून अडीच किलोचा जोर दिला की तो आकडा भरतो, म्हणजे भाजीच्या पिशवीएवढा जोर. तरुण मुलगा ‘घट्ट असलेलं बरं’ म्हणून त्याच्या तिप्पट जोर सहज लावतो. स्टेम ॲल्युमिनियमचा असतो, त्याचे आटे निघून येतात. आटे गेले की ते उतारावर कळते. शिमानोच्या ब्रेकच्या चकतीचे बोल्ट २ ते ४, कॅलिपरचे ६ ते ८, क्रँकचे म्हणजे पायडलच्या दांडीचे दोन आडवे बोल्ट १२ ते १४, इतकी लहान ही सगळी मापे आहेत. तेव्हा मोटारीच्या चाकाचा मोठा टॉर्क रेंच इथे उपयोगाचा नाही. पाव इंची चौकाचा, २ पासून २०-२५ न्यूटन-मीटरपर्यंत जाणारा घ्यावा. काम झाले की त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी. आवळलेला ठेवला तर स्प्रिंग दमते आणि रेंच खोटे बोलू लागतो. आमच्या खिडकीवर आवळलेला टॉर्क रेंच परत आला तर मी बिल्ला देत नसे.

पायडलला १५ चा पातळ पाना किंवा मागून ८ वा ६ ची ॲलन लागते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपे: पाना उभा धरून त्याचे वरचे टोक सायकलीच्या मागच्या दिशेला नेले की दोन्ही पायडल सुटतात. लावताना आट्यांना ग्रीस लावायला विसरू नये, नाहीतर पुढच्या वर्षी पान्याला पाइप घालून दोघांना लोंबकळावे लागते.

गिअरच्या मागच्या चकत्या काढण्याच्या हत्याराने मला फसवले, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. मी दात्यांचे टूल आणले, ते खाचेत बसेना. कारण आमच्या सायकलीला कॅसेट, म्हणजे हबच्या खोबणींवर सरकवलेला चकत्यांचा संच, नसून फ्रीव्हील आहे, हेच मला माहीत नव्हते. स्वस्त २१ गिअरच्या पुष्कळ सायकलींना आट्यांवर चढवलेले फ्रीव्हील असते. दोन्हींच्या टूलला दाते असतात, दिसायलाही ती सारखीच, पण एक दुसऱ्यात चालत नाही. ओळखायचे असे: चाक काढून चकत्या हाताने उलट्या फिरवाव्यात. ज्या खाचेत टूल बसते तो मधला भागही चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट. तो जागच्या जागी राहिला तर फ्रीव्हील. हे पाहून मगच दुकानात जावे.

ब्रेकमधल्या तेलाचेही तसेच. शिमानो आणि टेक्ट्रोच्या हायड्रॉलिक ब्रेकांत मिनरल तेल असते, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकांत डॉट ५.१, तर त्यांच्याच काही नव्या ब्रेकांत मिनरल. एकाच्या जागी दुसरे घातले की आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक जातो. डॉट तेल सांडले तर रंगही उतरवते. लिव्हरच्या झाकणावर तेलाचे नाव बहुधा छापलेले असते, ते वाचल्याशिवाय ब्लीडचा, म्हणजे तेल बदलून हवा काढायचा, संच मागवू नये. आणि गंज काढायचा स्प्रे ब्रेकच्या चकतीच्या आसपास मारू नये. एक फवारा पॅडवर गेला की ते पॅड टाकूनच द्यावे लागतात.

काही गोष्टी न घेताही भागते. सायकल टांगायच्या स्टँडसाठी भाचा पैसे साठवत होता. आमच्या ओटीवर झोपाळ्याच्या चार कड्या आहेत. झोपाळा उतरवून दोन कड्यांना सुती दोर बांधले, एक सीटखाली आणि एक हँडलला. मागचे चाक कमरेच्या उंचीला आले. त्यावर वर्षभर सगळे काम झाले. शॉक पंप फक्त हवेच्या फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याला, लागतो. ज्यांच्या फोर्कमध्ये पोलादी स्प्रिंग आहे त्यांनी तो घेऊ नये. तारा कापायचा कटर मात्र घ्यावा, कारण पक्कडीने ब्रेकची केबल कापली तर टोक फिसकटते आणि नळीत पुन्हा शिरत नाही. चाकाचा आउट काढायला आठ खाचांची गोल चावी मिळते, ती नको. आपल्या स्पोकच्या निपलचे, म्हणजे तारेच्या टोकाच्या छोट्या नटाचे, माप घेऊन त्याच एका मापाची चावी आणावी. ३.२३ आणि ३.४५ मिलिमीटर यांत नखाएवढाही फरक दिसत नाही, पण मोठी चावी पितळी निपल गोल करते.

एवढे सगळे शिकायला आम्हाला वर्ष लागले. त्यातले निम्मे दुकानदाराच्या एका ओळीने वाचले असते. म्हणून सायकल विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, प्रत्येक सायकलीच्या बिलावर चार गोष्टी लिहून द्याव्यात: ब्रेकमध्ये कोणते तेल आहे, मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील, बॉटम ब्रॅकेट (ज्यावर पायडलच्या दांड्या फिरतात तो भाग) कोणत्या प्रकारचा आहे आणि ट्यूबचा व्हॉल्व प्रेस्टा म्हणजे बारीक नळीचा आहे की मोटारसायकलसारखा. लिहायला दोन मिनिटे लागतात. घरी काम करणाऱ्याला या चार ओळींवरून बरोबर हत्यार घेता येते.

आपल्याला एक विनंती. पुढच्या पुरवणीत या मापांचा आणि न्यूटन-मीटरच्या आकड्यांचा छोटा तक्ता जाणकाराकडून तपासून छापावा. हाताच्या पंजाएवढ्या चौकटीत, ठळक अक्षरांत आणि पानाच्या कडेला, म्हणजे कात्रीने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त टूल स्टोअरकीपर, सातारा