पंचनामा होतो, विचारपूस राहते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी बघायला गर्दी जमते. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा मी आरोग्यसेविका म्हणून शाळेतल्या एका छावणीवर होते. तीनशेवर माणसं होती आणि संडास दोन.

चौथ्या दिवशी दुपारी एक बाई चक्कर येऊन पडली. जीभ कोरडी, बीपी उतरलेला. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचे खोके तर व्हरांड्यात छतापर्यंत लागलेले! "पाणी का नाही प्यालीस गं?" म्हटलं, तर तिनं मला जवळ ओढून कानात सांगितलं, "सिस्टर, संडासच्या रांगेत सगळे बापये. पाणी प्यालं तर जायचं कुठं?" मग मी वर्गावर्गातून बायकांना बाजूला घेऊन विचारत गेले. निम्म्याहून जास्त जणींचं तेच. अंधार पडायची वाट बघायच्या.

त्याआधी दोनदा माहिती घेणारे येऊन गेले होते. कुटुंबं किती, पुरुष किती, स्त्रिया किती. उत्तरं दिली फाटकात उभ्या असलेल्या चार कारभाऱ्यांनी. "शौचालय आहे का?" "आहे." झालं, पुढचा रकाना. मदतकार्यात जगभर वापरले जाणारे स्फिअरचे निकष म्हणतात की सुरुवातीला 50 माणसांमागे एक आणि पुढे 20 मागे एक संडास हवा, शिवाय बायकांसाठी वेगळा आणि संख्येनं जास्त. आमच्याकडे निदान सहा तरी हवे होते. पण "आहे" लिहिल्यावर कमी पडतंय हे कळणार कसं?

त्या दिवसापासून मी शंभर पानी वही केली. सकाळी एक फेरी, बायकांशी वेगळी, म्हाताऱ्यांशी वेगळी. काय काय निघालं! तिघांच्या मधुमेहाच्या गोळ्या पुरात गेलेल्या, लाजेनं बोलले नव्हते. एका आजींचा चष्मा गेला होता, त्या भिंत धरून चालायच्या. साड्यांचा ढीग पडलेला, पण आतल्या कपड्यांचा आणि पॅडचा पत्ता नाही. बिस्किटं इतकी की पोरं नुसती कुरतडून टाकायची. आणि काही घरांतले कर्ते पुरुष छावणीत आलेच नव्हते. का, तर म्हशी. चारा आणि दावणीची सोय झाली असती तर ते माडीवर बसून राहिले नसते. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आणखी एक. जे पाहुण्यांकडे गेले, ते कुणाच्याच यादीत नसतात. माझ्या नणंदेच्या विट्याच्या दोन खोल्यांत तेव्हा चौदा माणसं होती. छावणीत नाहीत, म्हणजे गरज नाही, असा सरळ हिशेब.

गरज बदलतेही. पाणी ओसरलं त्या दिवशी आम्हाला फावडी, ब्लीचिंग पावडर आणि लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) भीतीनं डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या हव्या होत्या. ट्रकातून उतरत होती बिस्किटं. ट्रकवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना चौथ्या दिवसाचं मागणं सातव्या दिवशी पोचलं होतं.

पंचनामा वाईट नाही, भरपाईला तो लागतोच. पण तो "काय गेलं?" एवढंच विचारतो. "आज रात्री काय पाहिजे?" हे विचारायला पहिल्या दोन-तीन दिवसांत वेगळी माणसं लागतात, आणि तीन दिवसांनी त्यांनीच परत यायला हवं. प्रत्येक गावातल्या आशाताई, अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील यांच्यातून दोघांची जोडी मे महिन्यातच ठरवून ठेवावी. निदान एक बाई असलीच पाहिजे. आणि विचारायचं फाटकात नाही, वर्गात बसून. गावांनी कळवलेलं तालुक्याला एका जागी जमावं आणि बाहेरून मदत पाठवणाऱ्यांनाही तिथूनच सांगितलं जावं. नाहीतर ट्रक रस्त्यालगतच्या पहिल्या गावात रिकामे होतात आणि आत कुणी जात नाही.

2021 च्या पुरात मी निवृत्त होते, पण बघायला गेले. फाटकात कारभारी उभेच होते.

वही अजून कपाटात आहे. पाने पिवळी पडलीत, पण प्रश्न वाचता येतात. कुणा अधिकाऱ्यांना नमुना हवा असेल तर आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
विश्रामबाग, सांगली