पान 31 वरच्या सहीबद्दल

आदरणीय काका,

सादर प्रणाम.

आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ऋणनिर्देशाचे एक पान असते आणि त्याचा मसुदा विभागाकडून तयारच मिळतो. प्राचार्य, विभागप्रमुख, गाइड, सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी आणि शेवटी आई-वडील, असा क्रम ठरलेला असतो. त्यात तुमचे नाव घालू का, असे मी विचारले, तेव्हा बाहेरच्या माणसाचे नाव दिसले की रिपोर्ट बाहेरून लिहून घेतल्याचा संशय येतो, असे उत्तर मिळाले. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. नाव येथेही घालत नाही, कारण ते तुम्हालाच रुचणार नाही. हवाई दलात इतकी वर्षे रडारवर काढूनही तुम्ही कोठे होतात हे आजतागायत कोणाला सांगितलेले नाही, तेव्हा माझ्या पत्रातून तुमची जाहिरात व्हावी हे बरे दिसणार नाही.

माझ्या रिपोर्टचा विषय हवामान रडार आणि वाय-फाय यांच्यातील भांडणाचा होता. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याला एस-बँडचे (लांब तरंगलांबीच्या पट्ट्यातले) आणि वेरावलीला सी-बँडचे (त्याहून आखूड तरंगलांबीचे) डॉपलर, म्हणजे वाऱ्याचा वेगही मोजणारे, रडार आहे. सी-बँडची हवामान रडारे साधारण 5.6 गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात आणि घराघरातल्या राउटरचा पट्टाही तेथवर पोहोचतो. 2018 साली भारताने 5 गिगाहर्ट्झमधला मोठा भाग परवानामुक्त केला, तेव्हा हा प्रश्न आपल्यासाठीही पुस्तकातला राहिलेला नाही. पोर्टो रिकोतील सान हुआन विमानतळाच्या रडारला 2009 साली असाच त्रास झाला होता: पडद्यावर मध्यापासून कडेपर्यंत, सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या सरळ रेघा उमटत होत्या, आणि त्या दिशेला पाऊस नव्हता, तर बाहेर बसवलेली वायरलेस उपकरणे होती. हे चित्र मी प्रथम पाहिले तेव्हाच विषय ठरला.

विषय ठरला, पण तो मला लिहू देण्याची कोणाची फारशी इच्छा दिसली नाही. एका शिक्षकांनी मागच्या वर्षीच्या रिपोर्टची सॉफ्ट कॉपी घेऊन आकडे बदलण्याचा सल्ला दिला, आणि तोही अगदी आपुलकीने. दुसऱ्यांनी पाने किती झाली एवढेच विचारले. प्रमाणपत्रावर सही झाली ती व्हरांड्यात उभ्या उभ्या, फाइलचे कव्हरही न उलगडता. या मंडळींविषयी माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवणार नाही. वर्ग, पेपर तपासणी आणि समित्यांची कामे यांत त्यांना उसंत नसते हे मान्य. पण विद्यार्थ्याने वर्षभर लिहिलेले एक प्रकरणसुद्धा वाचू नये इतकी कोणाला घाई असते, हे मला पटत नाही.

तुमच्याकडे मी आले ती शेजारधर्माच्या भरवशावर. तुम्ही मसुदा ठेवून घेतलात आणि परत दिलात तेव्हा त्यातले एकही पान कोरे नव्हते. सुरुवातीची पाने सरळ काढून टाकायला सांगितलीत, कारण रडार म्हणजे काय हे परीक्षकाला ठाऊक असते. त्याऐवजी डॅव्हेंट्रीचा प्रयोग घे, असे म्हणालात. 26 फेब्रुवारी 1935 रोजी रॉबर्ट वॉटसन-वॉट यांच्या प्रयोगात बीबीसीच्या लघुलहरी केंद्राचेच प्रक्षेपण वापरून एका हेफर्ड बॉम्बर विमानाचा प्रतिध्वनी टिपला होता. दळणवळण आणि रडार यांचे नाते भांडणाने नव्हे तर उसनवारीने सुरू झाले, हे माझ्या रिपोर्टचे पहिले वाक्य त्यातूनच आले. पुढे स्पंदांचे, म्हणजे रडार सोडते त्या लहरींच्या छोट्या झटक्यांचे, गणित तुम्ही हातानेच करायला लावलेत. सेकंदाला 1000 स्पंद सोडले तर 150 किलोमीटरपर्यंतचे अंतर निःसंदिग्ध कळते, मात्र 5.6 गिगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे 5.36 सेंटिमीटर तरंगलांबीवर, वाऱ्याचा वेग सेकंदाला 13.4 मीटर, ताशी जेमतेम 48 किलोमीटर एवढाच सरळ मोजता येतो आणि त्यापुढचा उलटा होऊन दिसतो. एस-बँडची तरंगलांबी दुप्पट, म्हणून ही मर्यादाही दुप्पट. वादळाच्या मोसमात किनाऱ्यावर एस-बँड का हवे, हे मला त्या दोन ओळींत समजले. सॉफ्टवेअर तोच आकडा क्षणात देते, पण असे समजावत नाही.

आता पान 31. पावसाचा प्रतिध्वनी आणि राउटरचा लहरीसंकेत यांची तुलना करणारा तक्ता त्या पानावर आहे, आणि पावसाचा प्रतिध्वनी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो असे मी त्यात धरले होते. तुम्ही त्यावर पेन्सिलीने काट मारून समासात 'चौथा घात' असे लिहिले होते. विभागातल्या एका शिक्षकांनीही ते पान ओझरते पाहून तेच सांगितले होते: चौथा घात लिही, तोंडी परीक्षेला तेच विचारतात. आमच्या पाठ्यपुस्तकातले रडार समीकरणही चौथ्या घाताचेच. तीन ठिकाणांहून एकच उत्तर आल्यावर विद्यार्थी काय करणार? मी ती ओळ आणि त्यावर उभा असलेला सगळा तक्ता बदलायला बसणारच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत तुमचा फोन आला. "तुझं बरोबर आहे, बदलू नकोस. मी खोडलं ते सवयीनं. आम्ही जन्मभर विमानं पाहिली, पाऊस म्हणजे आमच्या लेखी क्लटर, पडद्यावरचा नको असलेला कचरा." आणि मग तुम्ही फोनवरच मला कारण समजावून सांगितलेत. विमान शलाकेतला, म्हणजे रडारच्या लहरींच्या झोतातला, एक बिंदू असते, म्हणून जाताना वर्ग आणि येताना वर्ग मिळून चौथा घात होतो. पाऊस मात्र संपूर्ण शलाका भरून असतो. जसजसे दूर जावे तसतसे एका स्पंदाने व्यापलेले आकारमान अंतराच्या वर्गाने वाढते, तितके थेंब जास्त सापडतात, आणि चारांपैकी दोन घात तेथेच कटतात. अंतर दहापट झाले तर विमानाचा प्रतिध्वनी दहा हजारांश होतो, पावसाचा शंभरांशच. प्रोबर्ट-जोन्स यांनी 1962 साली पावसासाठी मांडलेले समीकरणही तुम्ही रात्री शोधून काढले होते. चौथा घात घेतला असता तर दूरच्या पावसाचा प्रतिध्वनी आहे त्याहून कितीतरी क्षीण ठरला असता आणि राउटरचा धोका खऱ्यापेक्षा मोठा दिसला असता. तसा निष्कर्ष सर्वांना आवडलाही असता.

तुम्ही फोनवरच थांबला असतात तरी पुरेसे होते. पण संध्याकाळी ते पान मागवून घेतलेत. मला वाटले, तुम्ही आपली काट रबराने पुसाल. तुम्ही ती तशीच ठेवलीत आणि तिच्या बाजूला, या खेपेस शाईने, लिहिलेत: 'विद्यार्थिनीचे बरोबर. माझी दुरुस्ती चूक.' खाली सही आणि तारीख.

काका, रिपोर्टसाठी तुम्ही दिलेला वेळ, सांगितलेले संदर्भ, डीबी (दोन शक्तींचे गुणोत्तर) आणि डीबीएम (एका मिलीवॉटच्या तुलनेत मोजलेली शक्ती) यांतला फरक प्रत्येक आकड्यापाशी स्पष्ट लिहिण्याचा तुमचा आग्रह, हे सारे ऋण आहेच. तरीही या सहीची बरोबरी त्यातले काहीही करू शकत नाही. प्रमाणपत्रावरच्या सहीने माझे काम न वाचता बरोबर ठरवले. तुमच्या सहीने ते वाचून, खोडून, रात्री पुन्हा मांडून बरोबर ठरवले. ज्याला एखाद्या विषयात मुरून चाळीस वर्षे झाली आहेत त्याने अंतिम वर्षाच्या मुलीचे पान पुन्हा उघडावे याची त्याला काही गरज नसते. कोणी विचारणार नव्हते. मी तर मुकाट्याने ओळ बदलली असती आणि तुमचे आभारही मानले असते. आपल्याकडे मोठ्यांनी चुकलो म्हणणे म्हणजे काहीतरी गमावणे असे समजले जाते. वर्गात, कार्यालयात, घरीसुद्धा. त्या दिवसापासून माझ्या लेखी तुमचा अधिकार वाढला आहे. आता तुम्ही एखादी ओळ खोडलीत तर मी ती घाबरून बदलत नाही, आधी तुमच्याशी वाद घालते, आणि तुम्हाला ते चालते, हेही मी पाहिले आहे.

परीक्षा झाली, बाइंडिंग झाले. विभागाच्या प्रतीत पान 31 स्वच्छ छापलेले आहे. तुमच्या अक्षरातले मूळ पान मात्र मी कोणाला देणार नाही.

राहता राहिला तुम्ही शेवटच्या भेटीत घातलेला पेच. एक अंशाची शलाका 100 किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर रुंद होते आणि सह्याद्रीवरचे मोसमी ढग पुष्कळदा बुटके असतात. मग पाऊस शलाका भरून आहे हे तुझे गृहीत तेथे टिकते का, असे तुम्ही विचारले होते. टिकत नाही. शलाका अर्धवट भरली की वर्गाचा नियमही ढळतो आणि प्रतिध्वनी त्याहून लवकर क्षीण होतो. किती लवकर, याचे गणित मी ढगमाथ्याच्या वेगवेगळ्या उंचींसाठी मांडले आहे आणि त्याची पाने रविवारी घेऊन येत आहे. दुसऱ्या पानावरचे समाकलन मला स्वतःलाच थोडे संशयास्पद वाटते, तेवढे आधी पाहावे.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन